लग्नाची तारीख नंतर, मुलाचे कागद आधी

समलिंगी जोडप्याच्या घरात मूल असलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही लग्न केलं तर मुलावर दोघांचा हक्क लागेल का?’ मूल बालवाडीत जायच्या वयाचं झालं, की शाळेच्या फॉर्मवर आईचं आणि बापाचं नाव भरताना हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर सरळ आहे: भारतात आज तसं होत नाही. लग्नातून जे मिळणार नाही, त्यातलं बरंचसं मात्र दुसऱ्या कागदांनी मिळवता येतं. ते कागद बहुतेक घरांत केलेलेच नसतात आणि काळजी वाटते ती त्याचीच. म्हणून गोरेगाव आणि आसपासच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांसाठी हे सगळं एका जागी मांडत आहोत.

कायदा आज कुठे आहे

६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दोन सज्ञान व्यक्तींमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात समलिंगी लग्न बसवता येत नाही, असं एकमताने सांगितलं. लग्नाऐवजी निराळ्या नावाने नात्याची नोंद आणि जोडप्याने मिळून दत्तक घेण्याचा हक्क, या दोन्ही मागण्या तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळल्या गेल्या. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाल्या. आता बदल व्हायचा तर तो मुख्यतः संसदेतून. त्याची वाट पाहत मुलाचे कागद अडवून ठेवू नका.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२२ च्या दीपिका सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाची कल्पना आई, बाप आणि मुलं एवढीच नाही, समलिंगी जोडप्यांचं घरही कुटुंब असू शकतं, असं म्हटलं. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लग्नावाचूनही कुटुंब उभं राहतं, हे मान्य केलं. अशा निकालांनी लग्नाचा दाखला मिळत नाही, पण पोलीस ठाण्यात किंवा इस्पितळात बोलताना ते उपयोगी पडतात.

तुमच्यातली एक व्यक्ती ट्रान्स असेल तर चित्र पूर्ण बदलू शकतं. एक कागदोपत्री पुरुष आणि दुसरी स्त्री असेल, तर प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येतं, हे त्याच २०२३ च्या निकालात स्पष्ट आहे. बीड पोलीस दलातल्या ललित साळवे यांनी शस्त्रक्रियेनंतर २०२० मध्ये लग्न केलं आणि २०२४ मध्ये त्यांना मुलगा झाला. तुमचं असं असेल तर आधी २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याखालचं ओळखपत्र आणि आधार, पॅन यांवरच्या नोंदी जुळवून घ्या, मग विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्या.

तुम्हाला लग्न कशासाठी हवंय?

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर याचं उत्तर लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. बहुतेक वेळा उत्तरं वेगळी निघतात.

*आपल्या माणसांसमोर नातं जाहीर करायचंय.* मग समारंभ करा. हार घाला, मंगलाष्टका म्हणा, जेवणावळ घाला. त्याला कोणताही कायदा आड येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळसारख्या ठिकाणी एका मराठी तरुणाने आपल्या जोडीदाराशी असा सोहळा केला. घरात मूल असेल तर अशा समारंभाचं मोल मोठं आहे. आजी, मामा, शेजारी यांच्यासमोर ‘ही दोघं माझी’ हे मुलाला उघडपणे अनुभवता येतं. समारंभाने कायद्यात मात्र काहीही बदलत नाही. ‘कोर्ट मॅरेज करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. भटजींचा दाखला किंवा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं ‘आम्ही विवाहित आहोत’ हे नोटरी केलं तरी लग्न ठरत नाही.

*परदेशात जायचंय.* कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत स्थायिक व्हायचा बेत पक्का असेल, तर नोंदणीकृत लग्नाचा व्हिसासाठी खरोखर उपयोग होतो. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नं नोंदवली जातात, त्यामुळे हल्ली अनेकांच्या डोक्यात बँकॉक असतं. तिकिटं काढण्याआधी तीन गोष्टी तपासा:

- आपल्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचं कोणतं पत्र लागतं आणि ते तुम्हाला मिळेल का.
- पुढे पटलं नाही तर घटस्फोट कुठे घेणार. भारतातलं कोर्ट जे लग्न मानतच नाही ते मोडून देणार नाही, आणि परदेशातली बहुतेक कोर्टं तिथे राहण्याची अट घालतात. लग्न इथे चालत नाही आणि तिथे सुटत नाही, अशा कोंडीत माणसं वर्षानुवर्षं अडकतात.
- मुलाचं काय. परदेशी दाखल्याने दुसरा जोडीदार मुलाचा पालक होत नाही. अमेरिकेतसुद्धा वकील विवाहित समलिंगी जोडप्यांना मुलासाठी कोर्टाचा दत्तक आदेश वेगळा घ्यायला सांगतात.

*भारतात हक्क हवेत.* ते आज लग्नातून मिळत नाहीत. पुढचा सगळा लेख त्यासाठीच आहे.

सोयीचं लग्न: मूल असेल तर अजिबात नको

घरच्यांच्या दबावाखाली समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री एकमेकांशी ‘दाखवायचं’ लग्न करतात. मुंबईत अशा जोड्या जमवणारेही आहेत. मोठ्यांचं काय व्हायचं ते होवो, पण मुलाच्या बाबतीत यातला धोका फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. म्हणजे दात्याच्या वीर्यापासून मूल झालं, ते तुम्ही दोघींनी मिळून वाढवलं, तरी कायद्याचा बाप तो कागदावरचा नवरा. हिंदू कायद्यात तो मुलाचा नैसर्गिक पालक ठरतो आणि तुमच्या माघारी ताबा मागणारा पहिला माणूसही तोच. शिवाय तो तुमच्या मालमत्तेचा वारस होतो. मित्र कितीही भला असो, त्याचे आईवडील आणि भाऊ तुमच्या करारात नसतात.

कायद्याच्या नजरेत मूल कोणाचं?

पुढचं प्रत्येक पाऊल या उत्तरावर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका.

१. एकीच्या आधीच्या लग्नातलं मूल. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी परिस्थिती हीच. घटस्फोट होऊन मुलाचा ताबा आईकडे आला, तरी बापाचं पालकत्व आपोआप संपत नाही. ताबा वेगळा, पालकत्व वेगळं. आई गेली तर पहिला दावा बापाचा, मग मृत्युपत्रात जोडीदाराचं नाव लिहिलेलं असो वा नसो. पण मुलाच्या हिताचा विचार सर्वांत वरचा, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतं. म्हणून बाप वर्षानुवर्षं फिरकला नसेल, पोटगी देत नसेल, तर त्याची नोंद ठेवा. दुसरी आई मुलाला शाळेत सोडते, फी भरते, डॉक्टरकडे नेते, याचे कागद जपा. तोंडी समजुतीवर वेगळे झाला असाल तर आधी रीतसर घटस्फोट आणि ताब्याचा आदेश घ्या. दिंडोशी कोर्ट घराजवळ असलं तरी हे अर्ज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात होतात. आणि आपलं नातं निदान स्वतःच्या वकिलापासून तरी लपवू नका. समोरचा वकील ते भर कोर्टात काढेल, तेव्हा तुमच्या वकिलाने ते प्रथमच ऐकता कामा नये.

२. अविवाहित आईने उपचार घेऊन झालेलं मूल. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे २१ ते ५० वर्षांची एकटी स्त्री क्लिनिकमध्ये दात्याच्या वीर्यावर उपचार घेऊ शकते. मग आई एकच आणि कायदेशीर बाप कोणी नाही. समलिंगी जोडप्यासाठी त्यातल्या त्यात भक्कम स्थिती ही. जन्मदाखला एकट्या आईच्या नावाने मिळतो. जुलै २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मार्ग मोकळा केला. गोरेगावातल्या जन्मासाठी महापालिकेच्या पी दक्षिण वॉर्डात प्रतिज्ञापत्र देताना बापाच्या रकान्यात कोणाचंही नाव ‘तात्पुरतं’ घालू नका. ते काढायला पुढे कोर्टात जावं लागतं. ओळखीच्या मित्राकडून घरच्या घरी गर्भधारणा करून घेतली असेल, तर तो मित्र दाता ठरत नाही. उद्या तो बाप म्हणून उभा राहू शकतो.

३. एकट्याने दत्तक घेतलेलं मूल. मिळून दत्तक घेण्यासाठी जोडप्याचं निदान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य असावं लागतं, त्यामुळे तुमच्यापैकी एकालाच एकल पालक म्हणून दत्तक घेता येतं. एकल पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. आता सुरुवात करणार असाल तर हेही जाणून घ्या: केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने २०२२ मध्ये लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्या एकल अर्जदाराला अपात्र ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयातल्या बहुमताने ते रद्द केलं नाही. हे अन्यायाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही गृहभेटीच्या अहवालात खोटं लिहून दत्तक घेऊ नका. खोट्यावर मिळवलेल्या आदेशाला पुढे कोणीही आव्हान देऊ शकतो.

४. सरोगसी. २०२२ पासून ती विवाहित जोडप्यांना आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांनाच खुली आहे. दोन पुरुषांसाठी हा मार्ग भारतात बंद आहे.

एक घोडचूक टाळा. ‘माझं मूल मी जोडीदाराला दत्तक देते, म्हणजे दोघींचं होईल,’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आपल्या कायद्यात दत्तक दिलं की देणाऱ्याचं नातं तुटतं. मूल दोघींचं होत नाही, एकीचं जाऊन दुसरीचं होतं.

आता कागद, याच क्रमाने

1. दोघांची मृत्युपत्रं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार असे निवडा, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही आणि जे वयाने तुमच्याहून लहान आहेत. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लावा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जरूर करा, कारण नातेवाईक आधी सहीवरच शंका घेतात. मुस्लिम वाचकांना मृत्युपत्राने बहुधा एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच ठरवता येतं. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

2. त्याच मृत्युपत्रात पालकाची नेमणूक. कायदेशीर पालक असलेल्याने ‘माझ्या माघारी माझ्या अज्ञान मुलाचा आणि त्याच्या मालमत्तेचा पालक म्हणून अमुक’ असं पूर्ण नावानिशी लिहावं आणि का, हेही दोन-चार वाक्यांत सांगावं. अविवाहित हिंदू आईला असा अधिकार कायद्यानेच दिला आहे. हिंदू म्हणजे इथे बौद्ध, जैन आणि शीखही. एकट्याने दत्तक घेतलेल्यांनीही हे लिहून ठेवावं. इतर धर्मीयांच्या घरी जोडीदाराला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागेल, आणि तिथे हा लेखी हेतू कामी येतो. कायदेशीर पालक हयात आणि सक्षम असताना मात्र त्या कायद्याखाली जोडीदाराला मुलाचा पालक नेमून घेणं जवळपास अशक्य आहे.

3. रोजच्या व्यवहाराचं अधिकारपत्र. मुलाला शाळेतून नेणं, पालकसभेला जाणं, लसीकरण, दवाखान्यातली संमती, मुलासोबत एकट्याने प्रवास. कायदेशीर पालकाने जोडीदाराच्या नावे नोटरी केलेलं पत्र द्यावं आणि दरवर्षी नवं करावं. शाळेच्या फॉर्मवर ‘पालक’ असा तिसरा रकाना असेल तर तिथे जोडीदाराचं नाव लिहा.

4. आजारपणाचे कागद. अखेरच्या आजारातल्या उपचारांबाबतचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) करा आणि निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचं नाव घाला. डॉ. निखिल दातार यांच्या उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर मुंबईत अशी इच्छापत्रं जतन करण्यासाठी महापालिकेचे अधिकारी नेमले गेले. वॉर्डाच्या आरोग्य विभागात चौकशी करा. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी करता येतं, नात्याची अट नाही.

5. दोघांमधला सहपालकत्वाचा करार. वेगळे झालात तर मूल कुठे राहील, खर्च कोण करेल, भेटी कशा होतील. कोर्ट तो जसाच्या तसा बांधील मानेल असं नाही, पण कायदेशीर पालक नसलेल्या जोडीदाराकडे तेव्हा दाखवायला दुसरं फारसं काही नसतं. भांडण नसताना लिहा.

घर कोणाच्या नावावर?

मोतीलाल नगर असो की इतर जुन्या म्हाडा वसाहती, गोरेगावात जिकडे तिकडे पुनर्विकास चालू आहे, आणि सभासद कोण यावर नवा फ्लॅट कोणाला हे ठरतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या बदलांनंतर ‘सहयोगी सभासद’ म्हणून पती, पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं, सून, जावई, भाचे-पुतणे एवढेच चालतात. जोडीदार त्या यादीत नाही. पण घर दोघांनी मिळून विकत घेतलं आणि शेअर सर्टिफिकेटवर दोन्ही नावं असली, तर तुम्ही ‘संयुक्त सभासद’ होता, आणि त्याला नातं लागत नाही. खरेदीखतात दोघांचा हिस्सा टक्क्यांत लिहून घ्या.

घर आधीच एकट्याच्या नावावर असेल तर बक्षीसपत्राची घाई करू नका. पती-पत्नीला निवासी घरासाठी २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत आहे. तुम्हाला विक्रीखताइतकं शुल्क पडेल. वर प्राप्तिकरात जोडीदार ‘नातेवाईक’ नसल्याने ५०,००० रुपयांपलीकडची भेट घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेला मात्र हा कर लागत नाही, म्हणून बहुतेकांसाठी तोच मार्ग बरा.

सोसायटीत नॉमिनी नोंदवला म्हणजे काम झालं, हा समज सर्वांत महाग पडतो. नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालक वारसच. समजा, फ्लॅट मुलाला जन्म न दिलेल्या आईच्या नावावर आहे आणि ती मृत्युपत्र न करता गेली. ती हिंदू आणि अविवाहित असेल तर फ्लॅट तिच्या आईवडिलांचा होतो. जिने त्या मुलाला जन्मापासून वाढवलं, तिच्या घरावर त्या मुलाचा तसूभरही हक्क राहत नाही.

पैशांच्या नोंदी

- बँक: जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला काहीही बंदी नाही, असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बँकेने अडवलं तर नकार लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींवर चार नॉमिनी देता येतात, म्हणून मूल आणि जोडीदार दोघांची नावं लिहा.
- विमा: जोडीदार नॉमिनी असला तरी पैसे वारसांचे ठरू शकतात. मृत्युपत्रात पॉलिसीचा क्रमांक लिहा.
- पीएफ: ज्याला कायद्याने कुटुंब आहे, म्हणजे मूल किंवा अवलंबून असलेले आईवडील, त्याने जोडीदाराचं नाव लिहिलं तर ते ग्राह्य होत नाही. तिथे मुलाचं नाव घाला आणि जोडीदाराची सोय दुसरीकडे करा.

आज मागता येतील असे हक्क

- रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असं केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे.
- जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात देण्याबाबतही त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाचं पत्र निघालं.
- माहेरच्यांनी किंवा घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली, तरी सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध घरी पाठवता येत नाही.
- पासपोर्टसाठी एका पालकाचं नाव पुरतं.

मुलाला काय सांगायचं

मूल विचारेल तेव्हा खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल तेवढं. ‘मावशी’ किंवा ‘काका’ म्हणायला लावून पुढे बदलण्यापेक्षा पहिल्यापासून त्याला जी हाक सुचते ती राहू द्या. समारंभ करणार असाल तर त्याला त्यात काम द्या. पण ‘आता आम्ही लग्न केलं, आता तुला कोणी नेणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ते पाळणं अजून तुमच्या हातात नाही.

मदत कुठे मिळेल

स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९९४ पासून काम करणारी हमसफर ट्रस्ट सांताक्रूझ पूर्वेला आहे. स्त्रियांसाठी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी ‘लेबिया’ हा मुंबईतला जुना गट आहे. आपल्या मुलामुलींना स्वीकारलेल्या पालकांचा ‘स्वीकार’ हा गट तुमच्या आईवडिलांशी बोलू शकतो, आणि पुष्कळदा तेच सर्वांत अवघड काम असतं.

हॉल बुक करायचा असेल तर जरूर करा. फक्त मृत्युपत्र आणि पालकाची नेमणूक त्याआधी होऊ द्या. नोंदणीचं शुल्क १०० रुपये आहे आणि साक्षीला दोन माणसं लागतात.